तीन अक्रोड, एक अंजीर

कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ
१२ जुलै २०२५

चि. शर्वरी,

नावाआधी ‘सौ.’ लिहू की नको, यावर पेन अडलं आणि चहा गार झाला. शेवटी नुसतं चिरंजीव लिहिलं. ते कुठल्या कोर्टात रद्द होत नाही.

फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस, माझा राग नाही. नवऱ्यापासून वेगळं व्हायचं ठरवलेल्या बाईने सासूचा फोन का म्हणून उचलावा? पण पत्र कसं, टेबलावर पडून राहतं. वाटलं तर वाचावं, नाहीतर त्यावर कप ठेवावा. म्हणून हा खटाटोप. पत्ता तुझ्या मागच्या वर्षीच्या पाकिटावरून उतरवलाय, ग्रीसमधल्या मिकोनोस बेटावरच्या त्या खोलीचा, जिथून तू रोज बोटीने डीलोसला कामावर जातेस.

मला कळलंय. तू तुषारला कळवलंस ते चांगलं केलंस, बाप म्हणून त्याला कळायलाच हवं. त्याने मला फोन केला आणि आधी कितीतरी वेळ पुण्याच्या ट्रॅफिकबद्दल बोलत राहिला. मी म्हटलं, काय झालंय ते सांग. मग म्हणाला, शर्वरीला दिवस गेलेत, डिसेंबरच्या शेवटची तारीख आहे, आणि कोणाला सांगू नकोस. त्याच्या आवाजात राग होता आणि रडूही होतं. मार्चमध्ये तुम्ही दोघं पुण्याचा फ्लॅट रिकामा करायला भेटलात. कपाटं आवरता आवरता काय झालं ते मी विचारणार नाही. माझंही लग्न झालेलं आहे.

तुमचं का बिनसलं तेही उगाळत नाही. त्याला वाटतं तू ते दगड-मूर्ती जोडायचं काम सोडून पुण्यात राहावंस, तुला वाटतं नाही सोडायचं. दोघंही आपापल्या जागी हट्टी. मला विचारायचंय ते एकच. बाळंतपण कुठे?

ऑक्टोबर संपला की तुमचं काम बंद होतं आणि ती खोलीही सोडावी लागते, असं तूच मागे सांगितलं होतंस. हिवाळ्यात तिथे वारा आणि मांजरं, बाकी कोणी नाही म्हणे. नागपूरला मिलिंदकडे बोललीस का? तुझा सख्खा भाऊ आहे तो, पण त्याच्या बायकोचा स्वभाव मला ठाऊक आहे. ती ‘या ना’ असं म्हणते की माणूस चप्पल काढत नाही. तुझी आई असती तर मी या भानगडीत पडलेच नसते. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि आई म्हणजेच माहेर. आता ती नाही.

आठवतं, तू पहिल्यांदा डीलोसला काम करून आलीस ते सरळ भोपाळला आली होतीस? ओट्यावर चढून बसलीस, मी वांगी चिरत होते, आणि तू ती लेटोची गोष्ट सांगितलीस. तिच्या पोटात देवाचं बाळ, आणि त्या देवाची बायको हेरा खवळलेली. जिथे जावं तिथली जमीन म्हणे, नको बाई, हेराचा कोप कोण ओढवून घेईल. पिकापाण्याची मोठमोठी बेटं, पण सगळ्यांनी हात वर केले. शेवटी एक टीचभर, उजाड, पाण्यावर तरंगत भटकणारं बेट म्हणालं, ये. तिथे एका खजुराच्या झाडाला धरून ती बाळंत झाली आणि त्या दिवसापासून ते बेट भटकायचं थांबलं. ऐकता ऐकता माझी वांगी काळी पडली.

मग तू पुढचं सांगितलंस आणि माझं डोकं तापलं. देव जन्मला म्हणून बेट पवित्र, आणि पवित्र म्हणून तिथे पुढे कोणी जन्मायचं नाही की मरायचं नाही. जुनी थडगी उकरून समोरच्या रिनिया बेटावर नेली आणि दिवस भरत आलेल्या बायकांना होडीत घालून पलीकडे पाठवायला लागले. अरे, ज्या बेटाचं नाव एका अवघडलेल्या बाईला जागा दिली म्हणून झालं, त्यानेच बाळंतिणींना हाकलायचं? मी म्हटलं, हा नियम पुरुषांनी केलेला असणार. तू इतकी हसलीस की ह्यांनी पेपर खाली घेऊन पाहिलं.

तर ऐक. तुला होडीत घालून पलीकडे न्यायची वेळ आली आहे. पलीकडे भोपाळ आहे.

ह्यांना हे पत्र माहीत नाही. तुझे सासरे म्हणतात, नातं मोडायला आलंय, आपण मध्ये पडू नये. मी पडतेय.

तुझी
आई (तू अजून म्हणणार असशील तर)

---

२ ऑगस्ट २०२५

चि. शर्वरी,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. आपल्या पोस्टाचं काही सांगता येत नाही, आणि तुझंही.

काल श्रावणी शुक्रवार झाला. जिवतीचा कागद भिंतीला लावला, आघाड्याची माळ घातली. माझी सासू सांगायची, लेकरं परगावी असली की औक्षण कोणाला करायचं? चारी दिशांना अक्षता टाकायच्या, ज्याच्या त्याला पोचतात. दरवर्षी मी तुषारच्या नावाने टाकते. यंदा पश्चिमेला जरा जोरात टाकल्या, समुद्र ओलांडायचा होता म्हणून. त्या शेजाऱ्यांच्या स्कूटरवर पडल्या.

आणि एक केलं. तुझी चोरओटी भरली. तिसरा महिना केव्हाच उलटलाय, मला ठाऊक आहे, पण बातमी उघड व्हायच्या आधी गुपचूप भरायची म्हणून ती चोरओटी, आणि बातमी अजून गुपचूपच आहे. तू समोर नाहीस, मग पाट मांडला आणि काय करायचं ते केलं. हिरवा खण तेवढा या पाकिटात घडी करून घालते. नारळ आणि गहू तुमच्याकडचे कस्टमवाले आत सोडणार नाहीत असं पोस्टातली मुलगी म्हणाली.

नैवेद्याला काय केलं असेल सांग. डीलोस आणि रिनियाच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यात तो छोटासा खडक आहे ना, हेकाटीचं बेट? तू दुसऱ्या वर्षी तिथल्याबद्दल सांगितलं होतंस. लेटोच्या कळा सुरू झाल्या, पण हेराने सुईण देवीला वर अडकवून ठेवलं होतं. मग आयरिस नावाची, निरोप पोचवणारी देवी धावत गेली, हाराची लालूच दाखवली आणि सुईणीला घेऊन आली. ती आली तेव्हा कुठे लेटो सुटली. आणि त्या खडकावर डीलोसचे लोक आयरिसला काय वाहायचे? गव्हाचं पीठ मधात शिजवून, सोबत एक सुकं अंजीर आणि तीन अक्रोड. मला तेव्हाच वाटलं होतं, हा तर बाळंतिणीचा खुराक झाला. सुईणीला आणणाऱ्या बाईला दुसरं काय द्यायचं?

तर ते केलं. न्यू मार्केटमधून अक्रोड आणले. खरं सांगू? बिघडलेल्या लापशीसारखं लागतं. त्या लोकांना वेलची माहीत नव्हती बहुतेक. ह्यांनी प्रसाद समजून खाल्लं आणि म्हणाले, हे काय नवीन. मी म्हटलं, व्रत आहे. खोटं नाही बोलले.

मध्येच शेजारची उषा आली आणि जरा गोंधळ झाला, ते जाऊ दे.

पाय सुजतात का? उत्तर दे.

आई

---

१४ ऑगस्ट २०२५

शर्वरी,

तुझा मेसेज मिळाला. पत्र नको, असं तू लिहिलंस. हे एवढं वाच, मग खुशाल फाडून टाक.

‘तुम्ही आधी मला मारलंत आणि मग माझी बातमी वाटलीत,’ असं तू लिहिलंस. बरोबर लिहिलंस. मागच्या पत्रात मी ‘गोंधळ’ म्हणून उरकलं, तो गोंधळ हा असा होता.

ओटी भरायला पाटावर कोणीतरी हवं. तू नाहीस, म्हणून मी तुझा फोटो ठेवला, लग्नानंतर बोट क्लबवर काढलेला, ज्यात मागे तलावातला तकियाचा टापू दिसतो आणि तू कॅमेऱ्याकडे न बघता त्या टापूकडे बघतेस. फोटोला हळदकुंकू लावलं, समोर निरांजन ठेवलं, शेजारी गहू, नारळ. माझ्या डोक्यात फक्त ओटी होती. दार उघडं होतं. उषा वाटी मागायला आली आणि तिने काय पाहिलं? पाटावर सुनेचा फोटो, कपाळावर कुंकू, पुढे दिवा, आणि मी डोळे पुसतेय. आपल्याकडे असा फोटो कोणाचा ठेवतात ते तुला सांगायला नको. तिने दारातच हंबरडा फोडला.

मी तिला सांगेपर्यंत ती घरी पळाली होती, आणि मी पातेलं उतरवून तिच्याकडे पोचेपर्यंत तिचा नागपूरला बहिणीला फोन झाला होता. ती बहीण मिलिंदच्याच गल्लीत राहते. पुढचं तुला माहीत आहे. मिलिंदने घाबरून तुला फोन केला असणार आणि तू उचलला असशील, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, तुला काय वाटलं असेल. मला त्याचा विचार करवत नाही. त्याने मलाही फोन केला. तू जिवंत आहेस हे पटवायला मी नुसतं ‘ती बरी आहे’ म्हणायला हवं होतं. पण तो विचारत राहिला, मग फोटो का, दिवा का, लपवता काय, आणि मी सांगून बसले. तू ज्याला तुझ्या वेळेने, तुझ्या तोंडाने सांगणार होतीस, त्याला मी सांगितलं. आणि त्याची बायको तुला काय म्हणाली तेही तूच लिहिलंस: सासरच्यांनी ओटी भरली, मग आता आमची काय गरज.

म्हणजे नागपूरचं दार मीच लावून टाकलं. जाणूनबुजून केलं असं तुला वाटलं तर मी काय सांगणार? नाही केलं. चुकले मी, शर्वरी. फार चुकले.

आता एक गोष्ट सांगते, ती ग्रीसची नाही, इथल्याच तुलसी नगरची आहे. तुषारच्या वेळी मला आई नव्हती. वडील यवतमाळला, काकांच्या आश्रयाने. हे तेव्हा मंत्रालयात लागलेले, सरकारी क्वार्टर, पुढे एक व्हरांडा आणि मागे न्हाणी. सातवा महिना लागला आणि मी विचारायचं टाळत होते की मी कुठे जायचं. शेजारच्या बायका एका हळदीकुंकवाला म्हणाल्या, पहिलं बाळंतपण आणि सासरी? हिला माहेर नाही का? माझ्या सासूबाई पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलंही नाही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी आहे.”

जुमेराती बाजारातून त्यांनी निवारीची बाज आणवली, खाली शेगडी ठेवून ओव्याची धुरी दिली, सव्वा महिना मला खाली पाय टेकू दिला नाही. एकदाही ‘तुझ्या आईने करायचं ते मी करतेय’ असं त्या म्हणाल्या नाहीत. मी वाट बघत होते, म्हणतील म्हणून. नाही म्हणाल्या.

त्या डीलोस बेटाने लेटोला जागा देण्याआधी तिच्याकडून शपथ घेतली होती ना, की तुझा मुलगा मोठा झाला की मला लाथ मारून बुडवणार नाही? मी उलटं करते. शपथ मीच घेते. तुषारकडे परत जा, असं मी तुला म्हणणार नाही, सुचवणार नाही, उसासाही टाकणार नाही. बाळाचं नाव तू ठेवायचं. आणि अंगात बळ आलं की तू बाळाला घेऊन तुझ्या दगडांकडे जाशील तेव्हा मी डबा भरून देईन, अडवणार नाही.

बस. आता पत्र नको म्हणालीस तर खरंच नाही लिहिणार.

रजनी

---

५ सप्टेंबर २०२५

माझ्या शर्वरी,

फोटो मिळाला. आधी मला कळेना काय आहे, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तो हेकाटीचा खडक, मागे रिनिया, आणि दगडावर एक अंजीर आणि तीन अक्रोड. तुझी करंगळीही आली आहे एका कोपऱ्यात. त्या खडकावर जायला तुला वेगळी होडी करावी लागली असणार. उभ्या उभ्या रडले मी. ह्यांनी विचारलं, काय झालं. मी फोन दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, अक्रोड कागदी दिसताहेत, चांगले आहेत.

खाली तुझी एकच ओळ, ‘तुषारचं काय?’

सांगते. लपवायचं मनात होतं, पण मागे लपवून काय झालं ते पाहिलंय.

तुषार महालक्ष्म्यांना आला होता. तुला आठवतं ना आपल्याकडचं, दोघी बहिणी माहेरी येतात, त्यांचे मुखवटे, सोळा भाज्या, आंबील. तू पहिल्या वर्षी म्हणाली होतीस, दोन देव्या तीन दिवस नुसत्या खायला येतात, हे मला फार आवडलं. तर तो आला आणि सवयीने बॅग घेऊन आतल्या खोलीत गेला. तिथे त्याचं टेबल नव्हतं. मी ते बाहेर काढलं होतं. खिडकीला जाळी लावून घेतली होती, कपाटाचा खालचा खण रिकामा केला होता, जुनी धोतरं धुऊन दुपट्यासाठी घडी करून ठेवली होती. त्याने सगळं पाहिलं. जेवला. दुसऱ्या दिवशी देव्यांचं विसर्जन झाल्यावर, मी तांदूळ काढत असताना म्हणाला,

“आई, ती या घरात आली तर मी येणार नाही.”

मी त्याची बाजू घेत नाही, असं त्याचं म्हणणं. तिला माझ्यासोबत राहायचं नाही, मग माझ्या आईसोबत का राहायचं? लोक मला विचारतील, तुझं मूल तुझ्या घरी आणि तू कुठे? त्याचंही खोटं नाही गं. तो दुखावलाय. त्याला वाटतं तू त्याच्यापेक्षा त्या खडकाला निवडलंस. माझं लेकरू आहे, त्याचा चेहरा मला वाचता येतो, लहानपणी पतंग कापली गेली की असाच उभा राहायचा.

मी त्याला एवढंच म्हटलं, तुझा जन्म कुठे आणि कसा झाला ते तुझ्या बाबांना विचार. आणि रात्रीच्या गाडीचा डबा भरून दिला. पुरणपोळ्या दिल्या, तूप वेगळं दिलं. त्याने घेतला. दारातून मागे न बघता गेला.

म्हणजे तुला कळलं असेल. तुझ्या त्या गोष्टीत हेरा एकच होती आणि ती परकी होती. इथे माझा स्वतःचा मुलगा आहे. मला भीती वाटत नाही असं नाही. पण ते बेटही घाबरलं होतंच ना? घाबरत घाबरतच ‘ये’ म्हणालं, असं तू सांगितलं होतंस. तर मीही घाबरूनच म्हणतेय. ये.

तू आलीस म्हणून तो आला नाही, असं मी कधी मनात आणणार नाही. तो येईल तेव्हा येईल. तू त्याचा हिशोब करू नकोस, तो माझा आहे.

आई

---

२५ ऑक्टोबर २०२५

शर्वरी बाळ,

तिकीट मिळाल्याचं कळलं. दिल्लीला चार तास थांबायचं, म्हणजे पाय वर करून बस, कोणाची लाज बाळगू नकोस. डॉक्टरांचं विमानात बसायला हरकत नसल्याचं पत्र हातातल्या पर्समध्ये ठेव, मोठ्या बॅगेत नको. आपल्या गल्लीच्या टोकाच्या डॉ. कांचन आहेत ना, त्यांच्याकडे तुझं नाव घातलंय. हार द्यावा लागला नाही. डिंकाचे लाडू मागितले, ते दिले.

दिवाळी झाली. तुषार आला नाही.

मी अनारसे केले होते, त्याला आवडतात म्हणून. मग ठरवलं होतं रडायचं नाही, आणि भाऊबीजेच्या दिवशी स्वयंपाकघरात रडलेच. हे आत आले, पाणी दिलं. तुला हे लिहिलं कारण लपवायचं नाही असं ठरलंय आपलं. तुझ्यावर टाकायला नाही लिहिलं.

संध्याकाळी त्याचा फोन आला. दोन मिनिटं इकडचं तिकडचं. फोन ठेवता ठेवता म्हणाला, आठव्या महिन्यात विमानात बसू देतात का गं? मी म्हटलं, डॉक्टरांचं पत्र असलं तर देतात. बरं, म्हणाला आणि ठेवला. यातून काही अर्थ काढू नकोस. मीही काढत नाही. शपथ घेतली आहे.

आता ह्यांचं सांगते. तुला वाटत असेल, बाबांचं काय? माझ्याशी ते या विषयावर जुलैपासून बोललेच नव्हते. परवा मी गच्चीवर गेले तर ती बाज उलटी पडली होती. होय, तीच, जुमेरातीची. इतकी वर्षं मी तिच्यावर कुरडया वाळवत आले. हे मांडी घालून बसले होते, जुनी निवार सोडलेली, नवीन बंडल शेजारी, आणि तोंडात सुतळी. मी म्हटलं, काय चाललंय? म्हणाले, मध्ये झोळ पडलाय. पोटुशी बाई यावर झोपणार कशी? मी काही न बोलता खाली आले. बोलले असते तर त्यांनी सोडून दिलं असतं.

उषा रोज विचारते, कधी येतेय. तिला अजून लाज वाटते बिचारीला. तुझ्यासाठी आळीव निवडून ठेवलेत तिने, वाटी मात्र नंतर नेली ती अजून परत दिली नाही.

डीलोसवरून निघताना तिथल्या त्या दगडी सिंहांना माझा नमस्कार सांग. इतकी शतकं तोंडं उघडून बसलेत वाऱ्यात, त्यांच्याकडे कोणी बाळंतपणाला जात नाही म्हणून असेल.

जपून ये.

आई

---

१ नोव्हेंबर २०२५

शर्वरी,

हे पत्र पोस्टात टाकायचं नाही. तू आत्ता विमानात असशील. हे तुझ्या उशीखाली ठेवतेय. इतके महिने लिहायची सवय लागली आणि उद्यापासून तू समोर, तर मग बोलायचं कसं तेच मला कळेना. म्हणून शेवटचं.

खोली बघ. खिडकी पश्चिमेला आहे, ऊन संध्याकाळी येतं. कपाटाचा खालचा खण बाळाचा. वरच्या खणात तुझ्या आईचा फोटो आहे, मी मिलिंदकडून मागवून घेतला. कुंकू लावलेलं नाही. तुला भिंतीवर हवा तर भिंतीवर, नाहीतर तिथेच राहू दे.

चारेक महिने आपण एका घरात राहणार. मी चिडेन. तू मेथीचे लाडू खाणार नाहीस आणि मी तुझ्यामागे ताट घेऊन फिरेन. तू दार लावून बसशील. बाहेर बोलायचं नसेल तर सरळ सांग, मला पत्र लिहिता येतं.

आपल्या या दोन खोल्यांत पवित्र असं काही नाही, गच्चीवरच्या तुळशीत पण मांजर झोपतं. इथे जन्माला यायला बंदी नाही. मरायलाही नाही, माझ्या सासूबाई त्याच खिडकीपाशी गेल्या, कोणी त्यांना होडीत घालून पलीकडे नेलं नाही. सगळं इथेच होतं आमच्याकडे.

ये, बाळ.

आई

(हे म्हणताहेत, खाली थोडी जागा सोड. सोडली आहे.)

चि. शर्वरीस आशीर्वाद. विमानतळावर मी येईनच, पण तिथे हे बोलणे जमणार नाही, म्हणून लिहितो. रजनी घरी स्वयंपाक करेल. बाजेवर मी स्वतः बसून पाहिले, आवाज करत नाही. तुषारच्या वेळी माझ्या आईने रजनीचे बाळंतपण याच बाजेवर केले. मी बाहेर व्हरांड्यात उभा होतो. काय करावे ते न कळून उभाच होतो. काल रात्री तुषारला फोन करून हे सगळे सांगितले. त्याने विचारले, मग बाबा तुम्ही आत केव्हा गेलात? मी म्हटले, तुझ्या आईने हाक मारली तेव्हा. आतल्या बाईची हाक येईपर्यंत माणसाने दाराशी थांबावे, निघून जाऊ नये, एवढे मला त्या दिवशी कळले. तो उद्या सकाळच्या गाडीने निघतो आहे. घरात येणार नाही म्हणतो. व्हरांड्यात थांबेन म्हणाला. आपल्याला व्हरांडा नाही, गच्ची आहे. मी तिथे खुर्ची टाकली आहे. हाक मारायची की नाही, ते तू ठरव.

— अच्युत